थंड तवा, मंद आच आणि खारं मांस

माधवनगर सोडून तासगावच्या रस्त्याला लागलं, की बुधगाव, कवलापूर मागे पडता पडता द्राक्षबागा दिसू लागतात आणि हंगामात बेदाण्याच्या शेडही. द्राक्षात शंभरातले ऐंशी भाग पाणी असतं, बेदाण्यात ते पंधराच्या आसपास उरतं. एवढ्याच फरकाने चार दिवसांत नासणारं फळ महिनोन्‌महिने टिकतं, कारण जंतूंना जगायला पाणी लागतं आणि ते पाणीच आपण काढून घेतलेलं असतं. लाल मिरची, सांडगे, कुरडया, सुके बोंबील या सगळ्यांमागचं शास्त्र हेच आहे. मांसही याच पद्धतीने टिकवलं जातं. इंग्रजी न्याहारीतलं बेकन हा त्यातलाच एक प्रकार. मात्र त्याची आपल्याकडची भावंडं त्याच्याइतकी मिरवली जात नाहीत.

त्यातलं सर्वांत जुनं आणि सर्वांत दुर्लक्षित भावंड म्हणजे चान्या. मोठ्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, मीठ लावायचं, दोरीवर किंवा छपरावर कडक उन्हात वाळवायच्या आणि मडक्यात भरून ठेवायच्या. पावसाळ्यात हाताला काम नसे, बाजार परवडत नसे, तेव्हा त्यातली एखादी पट्टी निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायची किंवा पाण्यात भिजवून कालवणात टाकायची. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली आलेल्या ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची तपशीलवार नोंद केली, त्यात चान्यांना त्यांची जागा मिळाली. मराठीतल्या दलित आत्मकथनांतूनही त्यांचे उल्लेख येतात. पाककृतींच्या पुस्तकांत मात्र त्या शोधून सापडत नाहीत. फ्रीज नसलेल्या, हातात पैसा नसलेल्या घरात प्रथिनं वर्षभर पुरवून वापरण्याची ही युक्ती होती आणि आहारशास्त्राच्या कुठल्याही कसोटीवर ती हुशारीचीच ठरते.

गोव्यात हीच गरज वेगळ्या चवीने भागवली गेली. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करायची, तिला तिकडे पुरुमेंत म्हणतात. सुकी मासळी, आमसुलं, मीठ यांच्या रांगेत चोरीस असतं. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मिठात मुरवायचे, लाल मिरची, लसूण, मिरी, हळद आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये कालवायचे, आतड्याच्या नळीत भरून दोऱ्याने मण्यांसारखे बांधायचे आणि उन्हात किंवा चुलीच्या धुरावर वाळवायचे. मीठ पाणी ओढून घेतं, व्हिनेगर आंबटपणा वाढवतं, धूर वरचा थर कोरडा करतो. जंतूंच्या वाटेत एकाऐवजी तीन अडथळे उभे राहतात.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचा, मांस आणि चरबी यांचे एकाआड एक थर असलेला भाग. तो मीठ आणि नायट्राइटमध्ये मुरवतात, बहुधा धुरी देतात आणि पातळ काप करून पाकिटात बंद करतात. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात शिकायला, नोकरीला गेलेल्या मुलांच्या फ्रीजमध्ये ते असतं आणि मुलं घरी आली, की पाकीटही कधीतरी घरी येतं. मग ज्या स्वयंपाकघरात आजवर फार तर मटण शिजलं, तिथे प्रश्न पडतो, की हे करायचं कसं? आई नेहमीप्रमाणे कढईत तेल तापवते, काप त्यात सोडते, तेल छताला उडतं, काप कडेने करपून मध्ये चिवट राहतात आणि खाणाऱ्यांचं एकमत होतं, की यापेक्षा आपलं सुकं मटण बरं.

चूक आईची नाही, तापलेल्या तेलाची आहे. बेकनला वरून तेल लागतच नाही, त्याचं तेल त्याच्यातच आहे. सांगली-कोल्हापूरकडे मटण परतताना चरबीचे तुकडे आधी पातेल्यात टाकून मंद आचेवर वितळू देणाऱ्या कुणालाही ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काप थंड तव्यावर, एकमेकांवर न चढवता, शेजारी शेजारी मांडायचे आणि मग खाली मंद आच लावायची. बिडाचा तवा असेल तर उत्तमच, तो उष्णता धरून ठेवतो. हळूहळू तापताना आधी चरबी वितळते, तोवर मांसातलं पाणीही निघून जातं आणि काप स्वतःच्याच चरबीत तळला जातो. एकदम तापलेल्या तव्यावर टाकला तर मांसाचा भाग चटकन आकसतो, चरबीचा तितक्या लवकर आकसत नाही, म्हणून काप वाकडा होतो. तो तव्याला सगळीकडे टेकत नाही आणि टेकलेला भाग तेवढा करपतो. साधारण दहा-बारा मिनिटांत, तीन-चार वेळा उलटून, काप सोनेरी-तांबूस होतो. तिथे थांबावं. खाली उतरल्यावर तो आणखी थोडा कडक होतो, त्यामुळे तव्यावरच कुरकुरीत होण्याची वाट पाहिली तर ताटात येईपर्यंत करपलेला असतो.

याहून सोपी युक्ती पाण्याची आहे. काप तव्यावर मांडून तळ जेमतेम भिजेल एवढं पाणी घालायचं. पाणी असेपर्यंत तव्याचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, तेवढ्या वेळात चरबी निवांत वितळते. पाणी आटलं, की उरलेल्या चरबीत काप खमंग होतात, अंगावर तेल उडण्याचं प्रमाणही बरंच कमी होतं. गोव्यात चोरीस याच पद्धतीने शिजवतात. मणी फोडून, कांदा आणि थोडं पाणी घालून मंद आचेवर ठेवतात, तेल वरून घालत नाहीत. पाणी आटून लाल तेल सुटलं, की त्यातच बटाटा परततो. या पद्धतीचं शास्त्र कुणी कुणाला शिकवलेलं नाही, ते हातांत उतरलेलं आहे.

घरात ओव्हन असेल, तर २०० अंश सेल्सिअसवर पंधरा ते वीस मिनिटं ही पाच-सहा माणसांसाठी सगळ्यांत बिनत्रासाची रीत. जाळीवर काप आणि खाली ताट ठेवलं, की चरबी निथळून जाते आणि उलटावंही लागत नाही. मायक्रोवेव्हमध्ये साध्या, न छापलेल्या कागदी रुमालांच्या दोन थरांमध्ये काप ठेवून एका कापाला साधारण एक मिनिट पुरतं. खवय्ये याला नाकं मुरडतात. चवीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं रास्त आहे, पण आरोग्याच्या हिशेबात मायक्रोवेव्ह तव्याच्या पुढे आहे. ते का, हे समजण्यासाठी नायट्राइटकडे वळावं लागेल.

मांस मुरवताना मिठात सोरा मिसळण्याची रीत युरोपात शतकानुशतकं होती. सोऱ्याने मांस गुलाबी राहतं, एवढंच तेव्हा ठाऊक होतं. सोऱ्यातल्या नायट्रेटचं जंतूंमुळे नायट्राइट होतं आणि खरं काम ते करतं, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलं. रंग हा त्याचा वरवरचा गुण. मोठा गुण म्हणजे ते बोट्युलिझमचा जंतू वाढू देत नाही. जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग भागात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत. डोळ्यांच्या पापण्या मिटत, घसा कोरडा पडे, गिळता येईनासं होई आणि शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० च्या सुमारास या ‘सॉसेजच्या विषा’चं बारकाईने वर्णन केलं. पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एका गावात अंत्यविधीला आलेले वादक खारवलेलं हॅम खाऊन आजारी पडले, काही दगावले आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या हॅममधून तो जंतू वेगळा केला. लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणजे सॉसेज, रोगाचं नाव त्यावरूनच पडलं. नायट्राइटला सरसकट शिव्या घालण्यापूर्वी ही पार्श्वभूमी माहीत असावी. ते कुणा कारखानदाराच्या लबाडीतून मांसात आलेलं नाही.

अडचण पुढे सुरू होते. नायट्राइट आणि मांसातल्या प्रथिनांपासून तयार होणारे अमाइन्स कडक आचेवर एकत्र आले, की नायट्रोसामाइन नावाची संयुगं बनतात. प्रयोगशाळेत जनावरांमध्ये यांनी कर्करोग होतो, हे फार पूर्वी दिसून आलं. १९७० च्या दशकात अमेरिकेत तळलेल्या बेकनमध्ये नायट्रोसोपायरोलिडीन हे संयुग सापडल्यावर तिथल्या सरकारने १९७८ मध्ये नियम केला. बेकनमध्ये नायट्राइट दहा लाख भागांत १२० भागांपर्यंत ठेवायचं आणि सोबत क जीवनसत्त्वाच्या जातीचं ॲस्कॉर्बेट किंवा एरिथॉर्बेट ५५० भाग घालायचं, कारण ते ही रासायनिक क्रिया अडवतं. त्याच काळातल्या तपासण्यांत स्वयंपाकघराला उपयोगी अशा दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे आच जितकी कडक आणि काप जितका करपलेला, तितकी ही संयुगं जास्त. मायक्रोवेव्हमध्ये ती सगळ्यांत कमी आढळली. दुसरी म्हणजे ती कापापेक्षा तव्यात उरलेल्या चरबीत जास्त असतात आणि काही भाग वाफेबरोबर उडतो.

म्हणून मंद आचेचा आग्रह केवळ चवीसाठी नाही. खिडकी उघडी ठेवावी किंवा पंखा बाहेर हवा फेकणारा असावा. करपलेला तुकडा ‘तोच तर छान लागतो’ म्हणत खाऊ नये. आणि तव्यात सुटलेली चरबी टाकून द्यावी. हे शेवटचं आपल्याकडे जिवावर येतं. तळणीचं तेल गाळून पुन्हा वापरायची सवय असलेल्या घरात वाटीभर चरबी फेकणं म्हणजे पाप वाटतं. परदेशातही कित्येक घरांत ही चरबी बरणीत साठवून तिच्यात अंडी तळायची पद्धत आहे. पण या चरबीतला चाळीसेक टक्के भाग संपृक्त स्निग्धांशांचा, वर मीठ आणि वर ही संयुगं. साठवण्याजोगं तिच्यात काही नाही. मोरीत मात्र ओतू नये, थंड झाल्यावर ती गोठते आणि नळी तुंबते. एखाद्या रिकाम्या डब्यात गोठू द्यावी आणि कचऱ्यात टाकावी.

तळलेलं निथळायला वर्तमानपत्राचा कागद अंथरण्याची सवयही इथे मोडलेली बरी. गरम तेलात छपाईची शाई सुटते आणि अन्नात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, असं २०१६ पासून वारंवार बजावलं आहे. ही सूचना वर्तमानपत्रातूनच द्यावी लागते हा योग खरा, पण भजीवाल्यांपासून घरच्या ताटापर्यंत तिचा परिणाम अजून फारसा दिसत नाही.

आता कर्करोगाचा प्रश्न थेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांना बसवून पुरावा तपासला आणि प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही त्याच गटात आहेत, त्यामुळे ‘बेकन सिगारेटइतकंच घातक’ असे मथळे जगभर झळकले. ते चुकीचे होते. गट हा पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. मांस प्रक्रिया केलेलं असेल तर मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतो, याचा पुरावा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. वाढतो किती? रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याचा धोका न खाणाऱ्याच्या तुलनेत सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. शिजलेल्या बेकनचा एक काप आठ-दहा ग्रॅमचा असतो, म्हणजे ५० ग्रॅम म्हणजे रोज पाच-सहा काप, तेही वर्षानुवर्षं. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं मूळ प्रमाणच पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, त्यामुळे त्यातली १८ टक्के वाढ म्हणजे प्रत्यक्षात फार थोडी माणसं. महिन्यातून एखाद्या रविवारी दोन काप खाणाऱ्याने झोप उडवून घ्यावी असं यात काही नाही. आणि तंबाखूची मळी ओठात धरून बेकनच्या धोक्यावर बोलणाऱ्याने आधी मळी थुंकावी.

या व्याख्येचा दुसरा भाग मात्र माधवनगरातल्या किंवा सांगलीतल्या पालकांसाठी बेकनपेक्षा महत्त्वाचा आहे. प्रक्रिया केलेलं म्हणजे खारवलेलं, मुरवलेलं, आंबवलेलं, धुरी दिलेलं कुठलंही मांस. त्यात कोंबडीही आली. ‘आमच्याकडे डुकराचं चालत नाही, मुलांना चिकन सॉसेज देतो’ किंवा ‘डब्यात चिकन सलामीचं सँडविच असतं’ असं सांगणाऱ्या घरात नायट्राइट तितकंच पोचतं. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत २५० हा आकडा असेल तर ते सोडियम नायट्राइट, २५१ आणि २५२ म्हणजे नायट्रेट. ‘नैसर्गिक’ असं लिहिलेल्या काही पाकिटांत त्याऐवजी सेलरी या भाजीची पूड असते. तिच्यातही नायट्रेट भरपूर असतं आणि मांसात त्याचंही नायट्राइटच होतं. रोजच्या डब्यात हे पदार्थ नसावेत. उकडलेलं अंडं किंवा घरी केलेलं चिकन त्याहून स्वस्तही पडतं.

व्याख्येला धरून पाहिलं तर चान्याही प्रक्रिया केलेल्या मांसात मोडतात. पण त्यांत नायट्राइट घातलेलं नसतं आणि रोज ५० ग्रॅम खाता येतील इतक्या त्या कुठल्याच गरिबाच्या मडक्यात नव्हत्या. त्यांच्या बाबतीत खरी काळजी मिठाची.

मीठ हा या सगळ्या पदार्थांचा समान दुवा आहे आणि सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारा धोका कर्करोगाचा नाही, मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, म्हणजे सपाट एक चमचा. भारतीय माणूस त्याहून बरंच जास्त खातो. बेकनच्या एका कापात साधारण अर्धा ग्रॅम मीठ असतं. चार काप, सोबत चीज आणि पाव, एवढ्यात दिवसभराचा निम्मा हिशेब न्याहारीतच संपतो. उच्च रक्तदाब, हृदयाची दुर्बलता किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी बेकन, चोरीस, खारा बांगडा हे पदार्थ टाळलेलेच बरे. एखाद्याचा हृदयरोग औषधांनी आटोक्यात असतो, आणि सणाच्या चार दिवसांनंतर पायावर सूज आणि रात्री धाप घेऊन तो दाखल होतो. चौकशी केली तर लोणचं, पापड आणि सुकट निघते.

चौकशी केली तर, हे महत्त्वाचं. ‘काय खाता?’ या प्रश्नाला रुग्ण उत्तर देतो ते समोरच्या डॉक्टरचा चेहरा बघून. चान्या, सुकट, डुकराचं मांस या शब्दांवर नाक मुरडलं जाईल अशी ज्याला शंका असते, तो ‘भाजी-भाकरी’ म्हणून मोकळा होतो. वडार, कैकाडी अशा समाजांत डुकराचं मांस पूर्वापार खाल्लं जातं, वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत ते सणाचं अन्न आहे. ते लपवावंसं वाटलं, की मिठाचा हिशेब चुकतो, औषधाचा डोस वाढत जातो आणि रक्तदाब तिथेच राहतो. ज्या खाण्याला मोठ्या हॉटेलात इंग्रजी नाव देऊन वाढतात, ते वस्तीत सांगायची लाज वाटावी, हा आजार कुठल्याही तपासणीत दिसत नाही.

डुकराच्या मांसाबद्दलची सगळ्यांत मोठी भीती फितकृमीची, आणि तीत अर्धं सत्य आहे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसात या कृमीचे पाण्याने भरलेले पांढुरके फोड असू शकतात, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचे. ते पोटात गेले, तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो, कित्येकदा काही त्रासही देत नाही. मेंदूत गाठी होऊन फिट्स येतात, त्या मात्र मांस खाऊन नव्हे. आतड्यात कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरच्या घाणीतून, सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीतून, शौचानंतर न धुतलेल्या हातांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात आणि रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचतात. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरातल्या मुलाला अचानक फिट येते, सीटी स्कॅनवर गोलसर गाठ दिसते आणि आईवडील म्हणतात, ‘आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.’ कच्ची कोथिंबीर, मुळा, गाजर, कोशिंबिरीचा कोबी हे मात्र येतं. मेंदूतल्या या गाठी भारतात फिट्सचं एक महत्त्वाचं कारण आहेत. त्यावर उपचार आहेत, पण कृमीचं औषध अशा वेळी घरच्या घरी घेऊ नये. मेंदूतले कृमी मरताना सूज वाढते, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

यावर दोन बाजूंनी बंदोबस्त आहे. भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुणं आणि हातांना साबण, हा एक. दुसरा, डुकराचं मांस पूर्ण शिजवणं. मोठा तुकडा आतून किमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापून पुढे तीन मिनिटं तसाच राहिला पाहिजे, खिम्याला ७१ अंश लागतात. आपल्या रश्शाच्या पद्धतीत ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते आणि प्रेशर कुकरच्या दोन शिट्ट्यांनंतर शंकाच उरत नाही. धोका असतो तो बाहेरून भाजून आतून गुलाबी ठेवलेल्या तुकड्याचा आणि कच्च्या चोरिसाचा. चोरीस वाळलेलं आणि लालबुंद असल्याने तयार वाटतं, पण ते कच्चं मांस आहे. बेकनचंही तसंच. धुरीमुळे ते शिजल्यासारखं दिसतं, तरी पाकिटावर शिजवून खाण्याची सूचना असेल तर ती गांभीर्याने घ्यावी. काप पातळ असल्याने तव्यावर ते सहज शिजतं. पाकिटाची कात्री, पाट आणि हात मात्र कोशिंबिरीला लावण्याआधी धुवावेत.

घरी चान्या किंवा कुठलंही वाळवलेलं मांस करायचं असेल, तर ते हाडासारखं कडक वाळलं पाहिजे. वाकवलं तर मोडलं पाहिजे. मध्ये मऊ राहिलेला तुकडा बाहेरून वाळलेला दिसतो आणि आतून सडतो. जाड तुकड्यांऐवजी पातळ पट्ट्या, माशांपासून बचावासाठी वर जाळीचं कापड आणि ढगाळ हवेत हा उद्योग नाही, एवढं पाळावं. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग काढून बाकीचा खाऊ नये. शिजवण्यापूर्वी तासभर कोमट पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं, तर बरंचसं मीठ त्याच्याबरोबर जातं. सुक्या बोंबलांना आणि खाऱ्या बांगड्यालाही हाच नियम. मग कालवणात वरून मीठ घालताना हात आवरायचा. निखाऱ्यावर भाजायचं झालं तर ज्वाळा शमून राख धरलेल्या निखाऱ्यावर, कारण चरबी ज्वाळेत ठिबकली, की जो काळा धूर परत मांसावर बसतो, त्यातली संयुगंही कर्करोगाच्या यादीतली आहेत. ताज्या मांसाला भाजण्यापूर्वी हळद, आलं-लसूण, लिंबू किंवा दही लावून ठेवण्याची आपली रीत इथे कामाची आहे. अशा मुरवणीने करपण्यातून होणारी घातक संयुगं कमी होतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. हळदीच्या पेठेच्या गावाला हे ऐकून बरं वाटेल, पण म्हणून कोळसा झालेला तुकडा हळदीने निर्दोष होत नाही.

बेकनचं फोडलेलं पाकीट घट्ट बंद करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर, वरच्या बर्फाच्या कप्प्यात महिनाभर चालतं. बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं असेल तर दोन-दोन कापांच्या पुड्या वेगळ्या कराव्यात, म्हणजे लागेल तेवढीच काढता येते. उन्हाळ्यात दुपारभर वीज गेली आणि पुडी मऊ पडली, तर ती पुन्हा गोठवू नये. त्याच संध्याकाळी तवा काढावा आणि पुडी चिकट किंवा आंबूस वासाची झाली असेल, तर तवा काढायचीही गरज नाही.